गावात हृदयरोग तपासणी उभी करताना : मराठवाड्यातील नव्या कार्यकर्त्यांसाठी

आपल्याकडे आरोग्य तपासणी म्हटले की शिबिरच डोळ्यांपुढे येते. शाळेच्या मैदानात मंडप पडतो, पाहुण्यांचे सत्कार होतात, दुपारपर्यंत शेकडो लोकांचा रक्तदाब मोजून होतो आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर फोटो येतो. ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला त्यांपैकी किती जण महिनाभराने गोळी घेत होते, हे बातमीत नसते आणि आयोजकांना विचारले तरी बहुधा सांगता येत नाही. महिला बचत गट, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि उपकेंद्रात नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यापैकी जे कोणी हे काम पहिल्यांदाच हाती घेत असतील, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यंत्राने मोजणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग असून त्याचा क्रम चौथा आहे. त्याआधी औषधाची सोय लावावी लागते, जे आपणहून येणार नाहीत त्यांची यादी करावी लागते आणि दिवस, वेळ व जागा ठरवावी लागते. हा क्रम उलटा झाला की शिबिर होते, तपासणी होत नाही.

आधी विषमता कुठे आहे ते पाहावे

हृदयविकार हा गादीवर बसून धंदा करणाऱ्यांचा आजार आहे, हा समज गावोगाव अजून पक्का आहे. उन्हात राबणाऱ्याला कसले बीपी, असे माणसे सहज बोलून जातात. वास्तविक तंबाखू, मिठाचे प्रमाण, न सापडलेला मधुमेह, न घेतलेली गोळी आणि झटका आल्यावर दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ या सगळ्यांचा भार कष्टकऱ्यांवरच अधिक पडतो. त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आल्याचे दिसले, तर इतर देशांत हेच वय ५९च्या जवळपास होते. म्हणजे घरचा कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई ऐन उमेदीत जाते, आणि मागे राहिलेल्या कर्जाची जबाबदारी ज्यांच्यावर पडते ती मुले तेव्हा शाळेत असतात.

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत अंतराचा प्रश्न कमी-अधिक आहेच. हृदयाच्या मोठ्या उपचारांसाठी माणसे छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर गाठतात, तर कित्येक जण थेट सोलापूर, पुणे किंवा हैदराबादचा रस्ता धरतात. बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे वर्षातील पाच-सहा महिने आपल्या आशाताईंच्या वहीच्या बाहेरच असतात. गाव सोडले की गोळी सुटते, आणि कारखान्याच्या हद्दीत त्यांना आपले म्हणणारे आरोग्य केंद्र नसते.

वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ साली असे मांडले की, जिथे गरज जास्त असते तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते. ते एवढे मांडून थांबले नाहीत. दवाखान्यात कोणत्याही कारणासाठी आलेल्या प्रौढ माणसाचा रक्तदाब ते मोजू लागले आणि जे येत नव्हते त्यांना शोधून काढू लागले. आपल्याकडच्या शिबिरात नेमके उलटे घडते. निवृत्त शिक्षक, पेन्शनर आणि चौकातले कार्यकर्ते दरवर्षी हौसेने मोजून घेतात, सालगडी शेतात असतो आणि त्याची बायको दुसऱ्याच्या रानात खुरपत असते.

पहिली पायरी : प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन औषधाचे बोलणे

आपल्या गावासाठी कोणते उपकेंद्र आणि कोणते प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, हे आधी नीट माहीत करून घ्यावे. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे प्रमाण ठरलेले आहे. बहुतेक उपकेंद्रांवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी दिसते आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, ज्यांना गावात सीएचओ म्हणतात. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे हे त्यांचे ठरलेले कामच आहे. त्यामुळे आपण काही नवीन देत आहोत अशा थाटात जाऊ नये. त्यांच्या कामाला माणसे आणि वेळ पुरवायला आलो आहोत, असे सांगितले की दार लवकर उघडते, आणि ते खरेही आहे.

वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलताना कागदावर हिशेब घेऊन जावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यावर औषध घेत आहेत. तिशीच्या पुढे हे प्रमाण वाढते. समजा, गावाची वस्ती २,००० आहे आणि त्यात तिशीवरील माणसे ९०० आहेत. किमान २०० जणांना औषध लागेल असे धरून चालावे. दिवसाला एक गोळी म्हटली तरी महिन्याला ६,००० गोळ्या झाल्या, त्याही एका गावाच्या. आरोग्य केंद्राच्या औषध निर्माण अधिकाऱ्याने ही मागणी आधी नोंदवलेली नसेल, तर तुमच्या तपासणीनंतर दुसऱ्याच महिन्यात साठा संपेल आणि ज्यांना तुम्ही मोठ्या मुश्किलीने पाठवले ते रिकाम्या हाताने परत येतील. एकदा असे परतलेले माणूस पुन्हा सहजासहजी जात नाही.

म्हणून विचारण्याच्या गोष्टी ठरलेल्या असाव्यात. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन यांसारख्या नेहमीच्या गोळ्यांचा साठा किती आहे? एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळतात? डॉक्टरांनी सुरू केलेले औषध पुढे उपकेंद्रातूनच मिळेल का? ईसीजी यंत्र कुठे आहे आणि ते चालू आहे का? शेवटचा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो, तरी तो विचारावाच. या उत्तरांवरून तपासणी सगळ्या गावाची एकदम करायची की एकेका वस्तीची, हे ठरेल. साठा कमी असेल तर एक वस्ती घ्यावी आणि ती पूर्ण करावी.

दुसरी पायरी : न येणाऱ्यांची यादी

आशाताईंकडे तिशीवरील लोकांची नोंद असते आणि प्रत्येकासाठी एक गुणपत्रक भरायचे असते, ज्याला सीबॅक फॉर्म म्हणतात. नवख्या माणसाने तो समजून घ्यावा, कारण यंत्राशिवाय धोका ओळखण्याचे ते साधन आहे. वयाला गुण आहेत : तिशीत १, चाळिशीत २, पन्नाशीत ३ आणि साठीपुढे ४. कधीतरी तंबाखू किंवा पूर्वी असलेले व्यसन यांना १ आणि रोजच्या तंबाखूला २, रोजच्या दारूला १, आठवड्याला १५० मिनिटांहून कमी शारीरिक हालचाल असेल तर १, आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर २. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की १, आणि त्याहून १० सेंटिमीटर वाढला की २. बेरीज ४ हून जास्त झाली तर त्या व्यक्तीची तपासणी आधी करायची. ज्यांची बेरीज कमी येते त्यांचीही तपासणी व्हायचीच असते, फक्त त्यांचा क्रम नंतर लागतो.

या फॉर्ममध्ये सर्वांत जास्त चुका तंबाखूच्या रकान्यात होतात. बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही बाई’ असेच येते. ‘दात कशाने घासता?’ असे विचारले की मिश्रीची डबी निघते, तीही दिवसातून दोनतीनदा लावली जाणारी. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात साफ करते म्हणून वापरली जाते आणि लावणाऱ्या बाईच्या मनात ती तंबाखूत मोडतच नाही. पुरुषांना विचारताना गुटखा, मावा, बिडी आणि चुना-तंबाखू ही नावे एकेक करून घ्यावीत. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असल्यामुळे त्याचे नाव घ्यायला माणसे कचरतात. आपण पोलीस नाही, हे हसून सांगितले तरी पुरते.

स्त्रियांसाठी फॉर्मबाहेरचे दोन प्रश्न मी आवर्जून विचारायला सांगेन. पहिला, बाळंतपणात बीपी वाढले होते का. दुसरा, गर्भपिशवी काढली आहे का आणि कोणत्या वयात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तेव्हा चर्चा शस्त्रक्रियेच्या गरजेची झाली. पण कमी वयात गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले असतील, तर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि अशी बाई चाळिशीची असली तरी तिला यादीत वर घ्यायला हवे. हे प्रश्न पुरुष कार्यकर्त्याने विचारू नयेत.

आता यादीत जे मुळातच नाहीत त्यांच्याकडे वळावे. मतदार यादी अपुरी पडते. तांडा, पारधी वस्ती, शेतवस्तीवरची घरे, वीटभट्टीवर आलेली बाहेरची कुटुंबे, सालगडी, मेंढपाळ आणि गावातच असूनही कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या एकट्या विधवा बाया, यांच्यासाठी गावाचा नकाशा हाताने काढून प्रत्येक वस्तीतला एक माणूस किंवा बाई सोबत घ्यावी. तांड्यावर जाताना नायकाला आधी भेटणे हा साधा रिवाज आहे, आणि गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारे कोणी सोबत असेल तर म्हातारी माणसे मोकळी होतात. यादी पूर्ण झाली की जे शिबिराला येणार नाहीत असे वाटते त्यांच्या नावापुढे खूण करावी. ही खूण केलेली नावे म्हणजेच तुमचे खरे काम.

तिसरी पायरी : दिवस, वेळ आणि जागा

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. पाडव्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंतचा काळ पहिल्या तपासणीसाठी उत्तम. मात्र एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी सात ते दहा किंवा दिवस मावळल्यावरच बसावे. दुपारच्या मंडपात उन्हातून चालत आलेल्या माणसाचे मोजमाप विश्वासाचे नसते. शिवाय उन्हाळ्यात रक्तदाब हिवाळ्यापेक्षा थोडा कमीच भरतो. म्हणून मे महिन्यात ज्यांचे आकडे सीमेच्या जरा खाली आले असतील, त्यांना ‘काही नाही’ म्हणून सोडून न देता थंडीत पुन्हा मोजावे.

जागा एकच नसावी. बचत गटाची बैठक, रेशन दुकानाचा दिवस, आठवडी बाजार, दूध संकलन केंद्राची सकाळ, जिनिंगवरची पाळी सुटण्याची वेळ, अशा ठिकाणी माणसे आधीच जमलेली असतात. पुरुषांसाठी कटिंगचे दुकान मला सर्वांत योग्य वाटते. दाढी होईपर्यंत माणूस पाठ टेकून, हात दांडीवर ठेवून, पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसलेला असतो, आणि रक्तदाब मोजायला याहून चांगली बैठक गावात दुसरी नाही. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांतील ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन डॉक्टरांच्या संमतीने औषध सुरू करत होते, तर इतर दुकानांत नाभिक ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढे सांगत होते. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा ९ अंकांनी. दोन्हीकडे मोजणी होत होती. फरक पडला तो औषध दुकानापर्यंत आल्यामुळे. गावात सीएचओ आठवड्यातून एक सकाळ त्या दुकानाशेजारी बसले, तर यातले बरेच साधते.

बायकांसाठी जागा निवडताना आडोसा हवा, आणि वजन मोठ्याने वाचले जाऊ नये. सासूच्या देखत सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सासूच देते, हे लक्षात ठेवून बैठकीची मांडणी करावी.

चौथी पायरी : मोजमाप

यंत्र दंडावर बांधायचे डिजिटल असावे. मनगटाचे घेऊ नये. काम सुरू करण्याआधी ते आरोग्य केंद्राच्या यंत्राशी ताडून पाहावे आणि जादा सेल जवळ ठेवावेत. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको, लघवी लागलेली असेल तर आधी जाऊन यायला सांगावे, आणि निदान पाच मिनिटे खुर्चीवर पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडीवर मांडी न घालता बसवावे. हात टेबलावर छातीच्या पातळीत असावा. मोजत असताना बोलू नये, म्हणजे कार्यकर्त्यानेही. पेरणी कशी झाली असे तुम्ही विचारले की तो माणूस उत्तर देतो आणि आकडा वर जातो.

दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या मापाकडे नवखे लोक बघत नाहीत आणि त्याचा तोटा नेमका गरिबांना होतो. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडावर तो आकडा वाढवून दाखवतो, तर बारीक दंडावर कमी दाखवतो. खुरपणी-तोडणी करणाऱ्या कित्येक बायकांचा दंड २२ सेंटिमीटरहून बारीक असतो, म्हणजे त्यांचा वाढलेला रक्तदाब यंत्रातच दडून राहतो. साधी टेप जवळ ठेवून दंड मोजावा आणि लहान-मोठे पट्टे आरोग्य केंद्रातून मागून घ्यावेत. पट्ट्याची खालची कड कोपरापासून दोन बोटे वर यावी. सदऱ्याची बाही घट्ट गुंडाळून वर सरकवली तर तिचाच फास बसतो. अशा वेळी हात बाहीतून काढायला सांगावे, आणि बायकांच्या बाबतीत म्हणूनच आडोसा लागतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत, आणि त्यांत फार तफावत असेल तर तिसऱ्यांदा मोजावे. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा मोजलेला बरा.

साखरेसाठी बोट टोचण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे, म्हणजे सीएचओ किंवा सिस्टरने. बोट साबणाने धुऊन कोरडे केलेले हवे. गूळ, उसाचा रस किंवा पेढ्याचा चिकटपणा बोटावर असेल तर साखर खोटी वाढलेली दिसते. प्रत्येकाला नवी सुई, आणि वापरलेली सुई आरपार जाणार नाही अशा पक्क्या डब्यात टाकून तो डबा उपकेंद्रात परत द्यावा. साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये, मे महिन्यात त्या खराब होतात. वजन, उंची आणि कमरेचा घेर नेहमीप्रमाणे.

पाचवी पायरी : आकड्याचे काय करायचे

कार्यकर्त्याने निदान करायचे नसते आणि औषध सांगायचे नसते. त्याने योग्य माणसाला योग्य वेळेत योग्य ठिकाणी पोचवायचे असते. वरचा रक्तदाब १४० किंवा खालचा ९०, किंवा त्याहून अधिक असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. १८० किंवा ११० पर्यंत गेला असेल तर त्याच दिवशी पाठवावे. आणि एवढ्या रक्तदाबाबरोबर छातीत दुखणे, धाप, अंगाची एक बाजू लुळी पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही असेल, तर चर्चा न करता १०८ ला फोन करावा. कोणत्याही वेळी घेतलेली साखर १४० किंवा अधिक आली तर पुढील तपासणीला पाठवावे. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेहाची शक्यता मोठी, पण त्याची खात्री डॉक्टर करतील. ३०० च्या पुढे असेल तर उद्यावर टाकू नये. मूल होण्याच्या वयातील बाईला पाठवताना दिवस गेले आहेत का, हे डॉक्टरांना कळेल असे चिठ्ठीवर लिहावे, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

तरुण मुलीला किंवा नव्या सुनेला थोड्या कामाने धाप लागत असेल, छातीत धडधड होत असेल आणि लहानपणी सांधे सुजून ताप आल्याची आठवण असेल, तर रक्तदाब उत्तम असला तरी तिला पाठवावे. घशाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातून होणारा हृदयाच्या झडपांचा संधिवाती आजार गरीब, दाटीच्या वस्त्यांत अजून आढळतो, आणि कित्येकदा तो बाळंतपणातच उघड होतो.

सांगण्याची भाषा साधी असावी. ‘गोळी एकदा सुरू झाली की जन्माची लागते’ ही भीती सर्वांत मोठी आहे, आणि तिला फसवे उत्तर देऊ नये. बहुतेकांना गोळी दीर्घकाळ लागते, हे खरे आहे. ती घेतल्याने अर्धांगवायू आणि झटका टळण्याची शक्यता वाढते, हेही खरे आहे. ‘बरे वाटते म्हणून सोडली’ असे जो म्हणतो त्याला, बरे वाटणे हे गोळीमुळेच असू शकते आणि वाढलेल्या रक्तदाबाची बहुधा काहीच जाणीव होत नसते, एवढे समजावावे. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते, तेव्हा गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगायचे, हे आधीच सांगून ठेवले की अर्धी गळती थांबते.

आहाराच्या बाबतीत व्याख्यान नको. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. पण ज्या घरात भाकरीबरोबर ठेचा, लोणचे किंवा कोरड्या चटणीशिवाय कालवण परवडत नाही, तिथे मीठ कमी करा म्हणणे म्हणजे जेवण कमी करा म्हणण्यासारखे होते. ठेच्यात मीठ निम्मे करून दाण्याचा कूट आणि लिंबू वाढवा, पापड-कुरडई सणापुरती ठेवा, असे सांगितले तर बाया ऐकतात. ज्वारीची भाकरी आहे ती तशीच राहू द्यावी, तिच्यात दोष काढण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात सांगावी, रक्तदाब वाढलेला असो वा नसो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, ही झटक्याची लक्षणे आहेत. मधुमेही माणसात आणि बायकांत नुसती मळमळ, थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढेच असू शकते. ‘गॅस धरला असेल’ म्हणून ओवा-सोडा घेऊन रात्र काढली जाते आणि वाचण्याचे तास हातचे जातात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत उपयोगी पडते आणि जितके लवकर तितके चांगले. ईसीजी जवळात जवळ कुठे निघतो, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक हवे. अँजिओप्लास्टी किंवा बायपासची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात उपचार मिळतात आणि तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. योजनेचा क्रमांक १५५३८८ आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड कुठे ठेवले आहे, हे घरातल्या एकाहून अधिक माणसांना माहीत असावे, कारण रात्री दोन वाजता पेटीची किल्ली सापडत नाही.

सहावी पायरी : वही

तपासणीचा दिवस संपला की वही सुरू होते. सरकारी पोर्टलवर सीएचओ नोंद करतीलच, तरी वस्तीनिहाय एक साधी जाड वही आशाताईंकडे असावी. नाव, वस्ती, फोन, पहिला आकडा, डॉक्टरांनी पाहिल्याची तारीख, गोळी सुरू झाल्याची तारीख, आणि त्यापुढे बारा महिन्यांचे बारा रकाने, ज्यात त्या महिन्याचा रक्तदाब लिहायचा. रकाना रिकामा राहिला की आठवड्याच्या आत कोणीतरी घरी जायचे. हे कोणीतरी कोण, ते नावानिशी ठरलेले असावे. आशाताईंवर आधीच ढीगभर कामे असतात, म्हणून बचत गटातल्या एकेका बाईने वीस-पंचवीस घरे वाटून घेतली तर भार हलका होतो. वहीचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या साखरेचा आकडा निघाला, तर ते घर पुन्हा तुमच्यासमोर हात पुढे करणार नाही.

तीन महिन्यांनी हिशेब काढताना किती जणांना तपासले हा आकडा बाजूला ठेवावा. ज्यांचा रक्तदाब वाढलेला सापडला त्यांपैकी किती जणांचा शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता, एवढेच पाहावे, आणि ते गावठाण, तांडा, दलित वस्ती, शेतवस्ती, तसेच बाया-पुरुष असे वेगवेगळे मांडावे. गावठाणात निम्मे आटोक्यात आणि तांड्यावर पाचात एक, असे दिसले तर पुढच्या तिमाहीतली माणसे, यंत्र आणि सीएचओंची सकाळ कुठे न्यायची ते ठरवायला वेगळ्या बैठकीची गरज नाही. हा ताळा ग्रामसभेत नावे न घेता वाचावा. ग्राम आरोग्य समितीचा निधी यंत्राच्या सेलवर, जादा पट्ट्यांवर किंवा रिक्षाभाड्यावर खर्च करायचा असेल, तर या कागदामुळे मागणी पटवून देता येते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दसऱ्यापासूनच तयारी लागते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या कुटुंबांची नावे वहीतून वेगळी काढावीत, निघण्याआधी प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा, आणि जास्तीत जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी करावी. औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटचा आकडा लिहिलेले जाड कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावे, कारण कोपीत पाचट आणि ओल यांत साधा कागद टिकत नाही. टोळीतल्या एका लिहित्या-वाचत्या पोरीचा किंवा मुकादमाचा फोन नंबर घेऊन ठेवावा आणि महिन्यातून एकदा गोळ्या संपल्या का एवढेच विचारावे. संपल्या असतील तर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ते कार्ड दाखवायला सांगावे. टोळी पाडव्याला परत आली की नव्या तपासणीला हात घालण्याआधी या कुटुंबांचा रक्तदाब मोजावा, आणि हंगामात ज्यांची गोळी सुटली होती त्यांची नावे घेऊन त्याच आठवड्यात सीएचओंकडे जावे.